शब्दचर्चा: सिंथचा आवाज ‘संपादित’ करायचा, ‘लावायचा’ की ‘बांधायचा’?

मूळ धागा (फोंडा)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंडा महालातल्या जत्रांच्या नाटकांना मी बरीच वर्षं साथ करतो. संगीत नाटक म्हटलं की ऑर्गन हवाच, पण पायभात्याचा अस्सल ऑर्गन टेम्पोत चढवून देवळोदेवळी न्यायचे दिवस गेले. मी यामाहाचा डीएक्स७ हा जुना सिंथ (सिंथेसायझर, विजेवर स्वतः सूर तयार करणारं कीबोर्ड वाद्य) नेतो आणि घरी त्याला संगणक जोडून त्याच्यात ऑर्गनचा आवाज तयार करतो.

परवा तालमीला आलेल्या एका मुलाने विचारलं, “दादा, तुम्ही संगणकावर नेमकं काय करता?” मी म्हटलं, “आवाज एडिट करतो.” तो म्हणाला, “म्हणजे रेकॉर्डिंग कापायचं, जोडायचं, तसंच ना?” मी नाही म्हटलं खरं, पण पुढे काय सांगावं ते सुचेना. घरी येऊन कोश काढले. ‘ध्वनिसंपादन’ मिळालं. पण त्या शब्दाने मुलाचा गैरसमज पक्काच झाला असता.

माझी अडचण अशी आहे. संपादन करायला आधी मजकूर लागतो. रेकॉर्डिंगमध्ये तो असतो, म्हणून तिथे ध्वनिसंपादन चपखल बसतं. सिंथच्या बाबतीत संगणकात ध्वनी नसतोच. डीएक्स७च्या ३२ आवाजांची अख्खी बँक संगणकात घेतली तर फाइल भरते ४,१०४ बाइटची. सीडीच्या दर्जाचा एका सेकंदाचा स्टीरिओ आवाज १,७६,४०० बाइट खातो. म्हणजे ३२ आवाजांच्या त्या फाइलच्या जागेत रेकॉर्ड केलेला आवाज सेकंदाचा चाळिसावा हिस्सासुद्धा मावत नाही. फाइलमध्ये असतात नुसते आकडे: कुठला ऑपरेटर (यंत्रातला सूर तयार करणारा भाग) किती जोरात, कुठल्या पटीत, किती वेगाने चढायचा आणि उतरायचा. शागुतीच्या वाटपात काय काय घालायचं याचा कागद आणि पातेल्यातली शागुती यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे.

मग या कामाला मराठीत क्रियापद कुठलं? आणि ‘पॅच’, ‘टोन’, ‘व्हॉइस’, ‘प्रोग्रॅम’ ही सगळी साठवलेल्या एका आवाजाचीच नावं, या चौघांना मिळून एक शब्द आहे का?

प्रतिसाद (म्हापसा)

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड. आमच्यात ‘पॅच’ म्हणतात. “आरतीचा पॅच लाव”, “तो घुमटाचा पॅच दे रे” असं स्टेजवर रोज चालतं (घुमट म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य). रोलंडच्या एसपीडी-२० या ऑक्टोपॅडवर पॅच असंच छापलेलं होतं. पुढे एसपीडी-३० आला, त्याच्यात ‘किट’ आलं, तरी तोंडात पॅचच राहिला. कीबोर्डवाले मात्र ‘टोन’ म्हणतात. आपल्याकडे कुणी व्हॉइस म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

पॅच म्हणजे ठिगळ, असंच मी समजत होतो. आवाजाला ठिगळ कशाला, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद (पणजी)

ठिगळाशी त्याचा संबंध नाही. १९६४च्या सुमारास रॉबर्ट मूग यांनी जो सिंथेसायझर केला तो कपाटासारखा होता, सुट्या खणांचा. एका खणात सूर उत्पन्न व्हायचा, दुसऱ्यात तो गाळला जायचा, तिसऱ्यात त्याचा जोर ठरायचा. हे खण वायरींनी एकमेकांना जोडायचे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका खिट्टी काढून दुसऱ्या भोकात घालायच्या, तशाच त्या वायरी. त्यांना पॅच कॉर्ड म्हणत. कुठली वायर कुठून कुठे, ती पूर्ण मांडणी म्हणजे पॅच. आवाज पुन्हा हवा असेल तर कागदावर टिपून ठेवायचा आणि परत सगळं जोडत बसायचं.

१९७८च्या प्रॉफेट-५ने हा त्रास संपवला. ४० आवाज यंत्राच्याच स्मरणात ठेवता येऊ लागले. वायरी गेल्या, शब्द राहिला. तेव्हा अर्थ धरून मराठी करायचं तर पॅच म्हणजे ‘जोडणी’.

पण कंपन्यांच्या नावांवर फार विसंबू नका. कॉर्ग ‘प्रोग्रॅम’ म्हणते. यामाहाच्या डीएक्स७वर ‘व्हॉइस’ आहे. रोलंडच्या जेव्ही-१०८०मध्ये चारपर्यंत टोन मिळून एक पॅच होतो, म्हणजे तिथे टोन हा पॅचचा तुकडा, आणि आपले कीबोर्डवाले अख्ख्या पॅचलाच टोन म्हणतात. व्हॉइसचा घोळ तर दुहेरी आहे. डीएक्स७ ‘१६ व्हॉइस’चा आहे म्हणतात तेव्हा एका वेळी १६ सूर वाजतात असा अर्थ असतो, आणि ‘३२ व्हॉइस’ म्हणतात तेव्हा साठवलेले ३२ आवाज. दोन्हीकडे ‘आवाज’ लिहिलंत तर वाचणारा बुचकळ्यात पडणारच. पहिल्याला ‘सूर’ म्हणा, दुसऱ्याला काही वेगळं.

प्रतिसाद (साखळी)

मी गाणं शिकवते. नादाच्या तीन गोष्टी आम्ही मुलांना पहिल्याच वर्षी सांगतो: लहानमोठेपणा, उंचनीचता आणि जाती. पेटीचा सा आणि बासरीचा सा एकाच उंचीचे असले तरी डोळे मिटून ओळखता येतात, ती नादाची जाती. तुम्ही बदलता आहात ती जाती. इतका नेमका शब्द घरात असताना ‘संपादन’ कशाला हवं?

क्रियापद म्हणाल तर ‘लावणे’. तानपुरा लावतात, तबला लावतात, गाणारा आवाज लावतो. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर तारेचा सूर बदलत नाही, तिचा झंकार बदलतो. तुमचं काम मला त्याच्या अगदी जवळचं वाटतं.

मूळ धागाकर्ता (फोंडा)

ताई, जवारीने मन जिंकलंत. पण ‘लावणे’ला एक अडचण आहे. स्टेजवर “ऑर्गन लाव” म्हणजे साठवलेल्यांपैकी ऑर्गन निवडून बटण दाब. वर म्हापशाच्या भावांनी “आरतीचा पॅच लाव” लिहिलंय, तेही तेच. निवडणं आणि घडवणं या दोन्हींना एकच क्रियापद कसं पुरेल?

मी प्रत्यक्ष काय करतो ते सांगतो, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. डीएक्स७मध्ये सहा ऑपरेटर, आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ रीती. मी पाचवी घेतो. तिच्यात सहांच्या तीन जोड्या होतात. प्रत्येक जोडीतला एक ऐकू येतो, दुसरा त्याला आतून हलवतो. आता पेटीचे सूर आठवा: खर्ज, नर, मादी. पहिल्या जोडीला पट देतो ०.५०, तो झाला खर्ज. दुसरीला १.००, तो नर. तिसरीला २.००, ती मादी. मादी किंचित बेसूर करतो, की दोन सुरांमधली लहर येते. मग आतून हलवणाऱ्यांची पातळी. ती थोडी वाढवली की सूर धारदार होतो, जास्त झाली की पत्र्यासारखा वाजतो. ऑर्गनची पट्टी जोरात मारा की हळू, सूर तेवढाच राहतो, म्हणून बोटाच्या जोराची संवेदना सगळीकडे शून्य. आणि ऑर्गनच्या आतली धातूची पत्ती हवा मिळाल्यावर क्षणभराने बोलते, म्हणून चढ अगदी ताबडतोब ठेवत नाही.

हे यंत्रावरच करायचं तर पडदा दोन ओळींचा, ओळीला सोळा अक्षरं, आणि एका वेळी एकच आकडा दिसणार. एका आवाजाचे आकडे १४५, वर नावाची दहा अक्षरं. त्यातून आमच्या पावसाळ्याच्या सर्द हवेत आकडा बदलायची सरकपट्टी अडखळते. डेक्स्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सहाही ऑपरेटर शेजारी शेजारी दिसतात आणि आवाजाचे चढउतार रेषांनी काढलेले असतात. तिथे आकडा हलवला की मिडीच्या, म्हणजे वाद्य आणि संगणक जोडणाऱ्या, वायरीतून तो डीएक्स७ला पोचतो. संगणक आकडे पाठवतो, वाजतो डीएक्स७च.

हे करताना मला दरवर्षी चवथीची माटोळी आठवते, गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती. नारळ, सुपारीचा घोस, तोरिंग, कांगलां सगळ्यांच्या घरी तीच, पण कुठलं कशाच्या शेजारी टांगलं यावर प्रत्येक घरची माटोळी ओळखू येते. माटोळी आपण ‘बांधतो’. चालही बांधतो. म्हणून मी ‘आवाज बांधणे’ सुचवतो.

प्रतिसाद (साखळी)

माटोळी पटली, पण ‘आवाज बांधणे’ला माझी हरकत आहे. “तुझा आवाज बांधलेला येतोय, मोकळा सोड,” असं मी वर्गात रोज सांगते. गाणाऱ्याच्या कानाला तो दोष वाटतो.

प्रतिसाद (म्हापसा)

मग ‘टोन बांधणे’ म्हणा. टोन आमच्या तोंडात आहेच. “नवीन टोन बांधलाय, ऐक जरा.” कानाला बरं लागतं.

प्रतिसाद (मडगाव)

मराठीची शिक्षिका म्हणून लिहिते. ‘टोन बांधणे’ला माझा पाठिंबा. नाम परकं असलं तरी क्रियापद आपलं असेल तर वाक्य मराठी राहतं. ‘टोन एडिट करणे’त दोन्ही बाहेरचे आणि ‘करणे’ नुसतं हमालीला.

या धाग्यात आणखी एका शब्दाची भर घालावीशी वाटते. संगणकावरच्या त्या रेषांना अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज म्हणतात ना? सस्टेनला आपल्याकडे ‘आस’ आहे. सतारीची आस, तबल्याची आस.

प्रतिसाद (पणजी)

शब्द सुंदर आहे, पण जागा चुकली. अटॅक, डिके आणि रिलीज यांत वेळ मोजतात, डीएक्स७वर वेग. सस्टेनमध्ये वेळ नसतो, पातळी असते: बोट पट्टीवर असेपर्यंत आवाज कुठल्या उंचीवर थांबणार ती. तबल्यावर थाप मारून हात उचलला, त्यानंतर जे घुमत राहतं ते म्हणजे आस. तेव्हा आस म्हणजे रिलीज. “रिलीज वाढव”ऐवजी “आस वाढव” म्हणून पाहा, कुठल्याही तबलजीला समजावून सांगावं लागणार नाही. सस्टेनला ‘ठेहराव’ चालेल. अटॅकला ‘उठाव’ म्हणता येईल. डिकेला ‘उतार’.

प्रतिसाद (मडगाव)

मान्य. आस रिलीजला.

मूळ धागाकर्ता (फोंडा)

आस तर कायमची घेतली. आता एक शेवटचा शब्द, तो मला अद्दल घडून मिळाला.

गेल्या वर्षी एका जत्रेच्या नाटकासाठी दोन रात्री बसून ऑर्गन बांधला. संगणकावर नाव दिसत होतं, डीएक्स७मधून आवाज येत होता, मी निर्धास्त. संगणक घरी ठेवून गेलो. नांदीआधी तंतुवाद्यांचा आवाज तपासायला दुसरं बटण दाबलं, परत ऑर्गनवर आलो तर तिथे जुनाच आवाज. संगणकावरून आलेला एकेक आवाज यंत्राच्या तात्पुरत्या जागेत उतरतो. तिथून स्मरणात साठवला नाही आणि दुसरा आवाज निवडला, की पहिला पुसला जातो. मी साठवायचं विसरलो होतो. अख्खं नाटक कंपनीच्या तयार ऑर्गनवर काढलं. नाट्यपदं म्हणणाऱ्या बाबांनी काही बोलून दाखवलं नाही, पण एका पदाला त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या तात्पुरत्या जागेला ‘एडिट बफर’ म्हणतात. मुलांना हे सांगताना मी आता ‘कच्ची वही’ म्हणतो आणि स्मरणाला ‘पक्की वही’. आमच्या घरी किराणा दुकान होतं. वडील दिवसभर कच्च्या वहीत लिहीत आणि रात्री दुकान बंद केल्यावर पक्क्यात उतरवत. न उतरवता ते कधी जेवले नाहीत. “कच्च्यातून पक्क्यात उतरवलंस का?” हे मुलांना एकदा सांगितलं की पुरतं.

प्रतिसाद (म्हापसा)

कच्ची वही घेतली. आमच्याकडे उद्यापासून हेच. यंदाच्या जत्रेला ऑर्गनचं काय झालं तेवढं सांगा.

मूळ धागाकर्ता (फोंडा)

पक्क्या वहीत आहे. अकराव्या जागेवर, ‘पायपेटी’ नावाने. ३२च्या ३२ आवाजांची फाइल संगणकातही उतरवून ठेवलीय. मिडी सेकंदाला ३,१२५ बाइट नेतं, त्यामुळे अख्खी बँक परत भरायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. बाबांनी तालमीत ऐकला. म्हणाले, “मादी थोडी कमी कर.” केली.