ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं : जुनी स्विफ्ट, नागपूर. डिस्क पुन्हा बदलू का?

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची स्विफ्ट, पेट्रोल, लाखाच्या वर चाललेली. वर्धा रोडला ७०-८० चा वेग असताना हलका ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. वेग ४० च्या खाली आला की थांबतं. ब्रेकला पाय लावला नाही तर गाडी एकदम शांत.

मागेही हाच त्रास होता, म्हणून एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले होते. पाच-सहा हजार किलोमीटर छान गेले, आता पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतो डिस्क बेंड झाल्या, परत बदला आणि सोबत दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) पण घ्या. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन शेगावला जायचंय. गाडी बाबांची आहे, विकायची नाही. आधी काय तपासू? आणि नागपुरात डिस्क मोजून सांगणारं कोणी आहे का, की सगळे थेट बदलायलाच सांगतात?

टाकळीचा_भाऊ

ताई, पहिले व्हील बॅलन्सिंग करून पाहा ना. आमच्या वॅगनआरचं पण असंच हलून राहिलं होतं, बॅलन्सिंग केलं अन् गेलं. एवढा खर्च काहून करता?

जुना_मिस्त्री

भाऊ, तुमची गाडी ब्रेक न लावताही हलत असणार. बॅलन्सिंगचा दोष पायाकडे पाहत नाही, ठरावीक वेग आला की तो दिसतोच. ताईंची गाडी ब्रेकशिवाय शांत आहे, म्हणून टायर, रिम, बॅलन्सिंग तूर्त बाजूला ठेवू.

ताई, थरथर स्टेअरिंगमध्ये आहे म्हणजे संशय पुढच्या चाकांवर. मागच्या ड्रम ब्रेकचा दोष असता तर सीट आणि पेडल जास्त हललं असतं. खात्री करायची असेल तर पहाटे मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि दांडा अगदी हळू, थोडासाच वर घ्या. मागे कोणी नाही हे आधी आरशात पाहा. बटण सोडायचं नाही, म्हणजे दांडा लगेच खाली टाकता येतो. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. तेव्हा काही जाणवलं नाही तर मागची बाजू सुटली.

आता ‘डिस्क बेंड’ या निदानाबद्दल. ओतीव लोखंडाची डिस्क रोजच्या वापरात सहसा वाकत नाही. होतं असं की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी ०.०२ मिलिमीटर जरी कमी-जास्त झाली तरी पॅड त्या जागेवरून जाताना ब्रेकची पकड बदलते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टेअरिंगला एक धक्का बसतो. डोळ्याला ती डिस्क अगदी गुळगुळीत दिसेल.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘पाच-सहा हजार किलोमीटर छान गेले’. डिस्कच वाईट निघाली असती तर पहिल्या दिवसापासून हललं असतं. मला वाटतं डिस्क बसवताना हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग, साफ केलेला नाही. जुन्या गाडीच्या हबवर, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या) मुळाशी, गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. त्यावर नवी डिस्क बसवली की ती किंचित तिरकी बसते. फरक इतका बारीक असतो की सुरुवातीला कळत नाही. पण फिरताना डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. हजारो किलोमीटर असं घासून ती जागा पातळ होते आणि मग थरथर सुरू होते. म्हणून नवी डिस्क टाकली की काही महिने सुखाचे जातात आणि दुखणं परत येतं. हब न घासता तिसरी डिस्क टाकली तरी तीच गत होईल.

बुटीबोरी_अपडाउन

काका, लोअर आर्मचं काय मग? त्याचे बुश (सांध्यातले रबर) फाटले असतील तर थरथरू शकतं ना?

जुना_मिस्त्री

फाटलेला बुश थरथर वाढवतो, पण ती सुरू होते ब्रेकमध्येच. म्हणून बुश नक्की पाहा, पण नुसता तो बदलून हा प्रश्न सुटेल असं समजू नका. गाडी जॅकवर, स्टँड लावून. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खळखळ आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून आली तर टाय रॉड एंड. बुशसाठी टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म ढकलायचा, रबर धातूपासून सुटलेलं लगेच दिसतं. तिथे ढिलाई नसेल तर आर्मचे पैसे वाचवा.

कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनाही सोडू नका. आपल्याकडे उन्हाळाभर धूळ आणि पावसाळ्यात तोच चिखल, रबरी बूट फाटला की पिन गंजून जाम होते. मग पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. थोडं चालवून आल्यावर हाताची पालथी बाजू रिमजवळ धरा, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा चांगलंच तापलेलं वाटलं तर आधी तिकडचा कॅलिपर उघडा. पिनेला ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने ते रबर फुगतं.

घाटवेडा

एक विचारतो. ताई, मधल्या काळात चिखलदऱ्याला वगैरे जाऊन आलात का? घाट उतरून परतवाड्यात आलं की लोक डिस्क लालबुंद तापलेली असताना सिग्नलला पेडल दाबूनच उभे राहतात. त्या जागी पॅडचा थर डिस्कवर चिकटतो आणि मग थरथर सुरू होते. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं आणि खाली आल्यावर थोडं ब्रेक न लावता चालवायचं. आणि तापलेल्या चाकावर पाण्याचा पाइप तर कधीच नाही.

मनीषनगरवाली

नाही, चिखलदरा झालेलं नाही. गाडी शहरात आणि बुटीबोरीपर्यंत. हँडब्रेकवाली चाचणी बाबांनी केली, काहीच हललं नाही. काका, मोजायचं म्हणजे नेमकं काय सांगू मिस्त्रीला?

जुना_मिस्त्री

दुकानाच्या नावापेक्षा एक प्रश्न विचारा : ‘डायल गेज आहे का?’ (डिस्क फिरताना किती डगमगते ते मोजणारं काट्याचं साधन.) नाही म्हणाले तर नम्रपणे निघा. गॅरेजकडे नसला तर हिंगणा एमआयडीसीत लेथचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये डायल गेज आणि मायक्रोमीटर रोजच्या वापरात असतात. ओळखीतल्या कोणाकडून गेज आणवून गॅरेजमध्येच मोजलेलं जास्त बरं, कारण डिस्क गाडीवर असतानाच मोजायची आहे.

चाक काढून डिस्क नटांनी घट्ट बसवायची, नटाखाली वॉशर घालून. गेज स्ट्रटला (चाकामागच्या शॉकअपच्या खांबाला) पकडायचा, टोक डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवायचं आणि न्यूट्रलमध्ये डिस्क हाताने एक पूर्ण फेरा फिरवायची. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम, ०.१० च्या वर गेला तर दोष सापडला. मग डिस्क आणि हब दोन्हींवर खडूने खूण करा, डिस्क काढून एक स्टड पुढे सरकवून परत बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर डिस्क दोषी, हबच्या खुणेपाशीच राहिली तर हब किंवा बेअरिंग. एवढं केलं की वादाला जागाच उरत नाही. मायक्रोमीटरने जाडी आठ ठिकाणी घ्या. किमान जाडी किती चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

मनीषनगरवाली

मोजून आले. उजवी ०.०४, डावी ०.१४! डाव्या हबवर दोन स्टडच्या मध्ये गंजाची अख्खी खपली होती, मिस्त्रीने तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासली. नंतर तीच डिस्क ०.०५ वर आली. डावीच्या जाडीत मात्र ०.०३ चा फरक आहे. कॅलिपरच्या पिना मोकळ्या, आर्मचे बुश चांगले. दोन्ही डिस्कची जाडी किमान मर्यादेच्या बरीच वर आहे. आता डावी नवी घ्यायची का?

जुना_मिस्त्री

नवीची गरज नाही. दोन्ही डिस्क लेथवर मारून (तासून सपाट करून) घ्या, एकच मारली तर दोन्हीकडची पकड वेगळी पडू शकते. डिस्कच्या दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा, उलटून परत पकडली की पुन्हा फरक येतो. लेथनंतरही जाडी किमान मर्यादेच्या वर आहे ना ते तपासा. बसवल्यावर परत गेज लावायचा. पॅड नवे टाकलेले बरे.

नट गनने आवळू देऊ नका. एक जास्त, एक कमी आवळला गेला की डिस्क पुन्हा तिरकी. टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आलटून-पालटून, दोन टप्प्यांत. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरवाल्याकडेही हेच सांगायचं.

मग पहाटे आउटर रिंग रोडला जा. ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, डिस्क थंड होऊ द्या. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. शेगावच्या आधी एवढं अंतर शहरात सहज होईल.