अण्णांना खुब्याच्या ऑपरेशननंतर रात्री भ्रम होतोय. भेटायला येणाऱ्यांना थांबवू का?

खाडीकाठ

आमचं घर देवगड तालुक्यात, मी लग्नानंतर डोंबिवलीला. गेल्या सोमवारी अण्णा (माझे वडील, वय ७९) मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बुधवारी कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं, अर्धा खुबा बदलला. मी त्याच रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरली, सकाळी कणकवलीला उतरून थेट हॉस्पिटलात आले. तेव्हा अगदी ठीक होते. पेज मागितली, आंब्याच्या कलमांची चौकशी केली.

रात्री अकराच्या सुमाराला बघते तर उठून बसायला धडपडतायत. मला म्हणाले, "आंबे मोजलंस काय गो बाय? वाशीची गाडी इली." मला ते कधी बाय म्हणत नाहीत. बाय म्हणजे माझी आत्या, तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मग लघवीची नळी ओढली, चादरीवर रक्त. रात्रपाळीवाल्यांनी हात बँडेजने कठड्याला बांधले. पहाटेपर्यंत अण्णा त्या गाठी बोटांनी चाचपत होते, आंब्याच्या पेटीची सुतळी सोडवावी तसे. मला ते बघवेना.

सकाळी पुन्हा शुद्धीवर, संध्याकाळी पुन्हा तेच. शनिवारी वाडीतली अकरा माणसं टेंपो करून आली. जो तो खाटेशी वाकून विचारतोय, "माका वळाखलंस?" अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, ओठ हलायचे, नाव यायचं नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली ती वळवलीच. एक काका म्हणाले वात झालाय, दुसरे म्हणाले देवाला गाऱ्हाणं घाला. आईने तेही घातलं, माझी त्याला ना नाही. पण हे असंच राहणार का? झोपेची गोळी द्यायला सांगू का? आणि माणसांना येऊ नका कसं सांगू? आमच्याकडे आजाऱ्याला बघायला न येणं म्हणजे वैर.

माजी सिस्टर

ताई, मी तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. जुनी माणसं वात म्हणतात त्यालाच डॉक्टर डिलिरियम म्हणतात. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत हे फार दिसतं. हे वेड नाही. विसरण्याचा आजार महिन्या-वर्षांत हळूहळू चढतो, हे एका रात्रीत येतं, दिवसात कमीजास्त होतं, अंधार पडला की वाढतं. कारण सापडून उपचार झाले की बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो. काहींना काही आठवडेही लागतात, तेव्हा धीर सोडू नका.

कारण मात्र शोधायलाच हवं. उद्या राउंडला डॉक्टरांना सांगा की हे अचानक सुरू झालं, आधी असं कधीच नव्हतं. लघवी तपासली का, रक्तातलं सोडियम बघितलं का, नळी कधी काढणार, हे विचारा. पोट कधी साफ झालं, पाणी किती जातंय, दुखणं किती आहे, हेही बोला. दुखण्यावरच्या काही औषधांनीसुद्धा असं होतं. अण्णा रोज थोडी घेत असतील तर लाजून लपवू नका. अचानक बंद झालेली दारू असा भ्रम आणते आणि तो जिवावर बेतू शकतो.

झोपेची गोळी आपल्या मनाने अजिबात नको. काही गोळ्यांनी भ्रम वाढतो. हात बांधल्यानेही माणूस जास्त बिथरतो. रात्री घरचं माणूस उशाशी बसेल म्हणून सांगा आणि सोडायची विनंती करा.

आणि चष्मा? कानाचं मशीन? कवळी? हे सगळं अंगावर आहे का बघा.

वाडातर

आमच्या आईच्या वेळी हेच झालं होतं, तेही गणपती तोंडावर असताना. माणसांना येऊ नका म्हणू नका, फक्त वर खाटेपर्यंत सोडू नका. माझा भाऊ खाली कॅन्टीनमध्ये बसायचा. आलेल्याला चहा द्यायचा, सगळी हकीकत सांगायचा आणि प्रत्येकाला काम द्यायचा. कोणी पेज आणायची, कोणी गुरांचं बघायचं, एकाने माटवी (गणपतीच्या वर टांगायची सजावटीची चौकट) बांधायचं अंगावर घेतलं. आईपाशी दिवसा मी, रात्री बहीण. तिसरा चेहरा नाही. कोणी रागावलं नाही. माणसाला आपण उपयोगी पडलो एवढं पुरतं.

आई मेलेल्या माणसांशी बोलायची तेव्हा मी हो हो म्हणायचो. वाद घातला की रडायची.

माजी सिस्टर

वाद नको हे खरं, पण नुसतं हो हो पण नको. वाशीची गाडी म्हणाले तर म्हणा, "आंब्याची काळजी नको अण्णा, तुम्ही हॉस्पिटलात आहात, पायाचं ऑपरेशन झालंय, मी जवळ आहे." एक वाक्य, हळू आवाजात. दहा वेळा सांगावं लागलं तरी दहाव्यांदा पहिल्यासारखंच. आणि "मला ओळखलं का" ही परीक्षा कोणी घेऊ नये. खाटेशी येतानाच आपलं नाव सांगावं.

दिवसा पडदा उघडा ठेवा. फिजिओथेरपीवाले सांगतील तसं खुर्चीत बसवून जेवण द्या, वॉकर धरून चार पावलं टाकू द्या.

खाडीकाठ

सिस्टर, तुमचं वाचून आधी चष्मा शोधला. पडले तेव्हा काकूने उचलून पदराला पुसून आपल्या पिशवीत ठेवला होता, तिथेच पाच दिवस. कानाचं मशीन घरी फळीवर. म्हणजे अण्णांना ना नीट दिसत होतं, ना ऐकू येत होतं, आणि आम्ही अकरा तोंडं त्यांच्यावर वाकवली. फार वाईट वाटलं.

लघवीत इन्फेक्शन निघालं, औषध सुरू झालं, नळी काढली. हात सोडले. रात्री मी उशाशी बसते, माझा हात त्यांच्या हाताखाली ठेवते. परवा दोनदाच उठले, काल एकदाच. आज दुपारी चष्मा लावून भिंतीवरचं कॅलेंडर बराच वेळ वाचलं आणि मला म्हणाले, "तुझी रजा संपत इली असतली." माझं नाव घेऊन म्हणाले.

खाली कॅन्टीनमध्ये भाऊ बसतोय. गाऱ्हाणंवाल्या काकांनी मागीलदारच्या पायऱ्या चुन्याने घासून घेतल्या.

गुरुवारी घरी सोडतील. उकिडवं बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही, मांडी घालायची नाही असं सांगितलंय आणि आमचा संडास जुन्या पद्धतीचा. देवगड-कणकवली भागात कोणाकडे कमोडची खुर्ची वापरून पडून असेल तर कळवा, भाऊ गाडी घेऊन येईल.