प्रतिसाद: तिबिर्य समुद्रकाठची न्याहारी

बायबलच्या नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्रग्रंथाचा) २१वा, शेवटचा अध्याय मागाहून जोडलेला, म्हणून दुय्यम, असे एक मत आहे; त्याला हा प्रतिसाद. पहिला भाग मान्य होण्यासारखा आहे, कारण २०व्या अध्यायाच्या अखेरच्या दोन ओव्या (३० व ३१) सरळसरळ ग्रंथसमाप्तीच्या वाटतात. दुय्यमत्व मात्र पटत नाही. येशूच्या अटकेनंतर त्याचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारले ते महायाजकाच्या वाड्यात, कोळशांच्या शेकोटीपाशी. आणि २१व्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्य समुद्राच्या (गालील सरोवराच्या) काठी पेत्राला भेटतो तेव्हाही तिथे कोळशांचाच विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी भाजत असते. या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. न्याहारीनंतर ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा प्रश्नही तीनदाच विचारला जातो, आणि प्रत्येक उत्तरापाठोपाठ मेंढरे सांभाळण्याची जबाबदारी सोपवली जाते. २०व्या अध्यायातली रिकामी कबर येशूविषयी सांगते, तर ही कथा त्याला नाकारणाऱ्या शिष्याचे पुढे काय झाले ते सांगते, आणि २०व्या अध्यायापर्यंत ते कुठेच आलेले नाही.