लार्सनचं ‘गतीचं विश्व’: दखल घ्यावी की सोडून द्यावं?

उलटा_भागाकार (धागाकर्ता)

ड्यूई लार्सन (१८९८–१९९०) हे अमेरिकन इंजिनियर. १९५९ मध्ये त्यांनी ‘रेसिप्रोकल सिस्टीम’ मांडली. म्हणणं थोडक्यात असं: विश्वात पदार्थ नावाची मूळ चीज नाहीच, आहे ती फक्त गती. अवकाश आणि काळ हे त्या गतीचे दोन व्यस्त पैलू. दोन्ही त्रिमितीय, दोन्ही ठराविक एककांत विभागलेले. एक एकक काळात एक एकक अवकाश हा विश्वाचा स्वाभाविक वेग, आणि तोच प्रकाशाचा वेग. म्हणजे प्रकाशकण खरं तर आपल्या जागीच असतो आणि विश्वाच्या पुढे सरकण्याबरोबर वाहत जातो. आपण आणि हे सगळे अणू गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या उलट, आतल्या दिशेने सरकत असतो.

मला सगळ्यात भावतं ते मितींचं गणित. अवकाश s, काळ t. वेग s/t. ऊर्जा त्याच्या बरोबर उलट, t/s. वस्तुमान t³/s³. आता वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणा: t³/s³ × s²/t² = t/s. म्हणजे ऊर्जाच. बल t/s², संवेग t²/s², सगळं चोख बसतं. किलोग्रॅम हे वेगळं एकक लागतच नाही. दोन गृहीतकांवर उभी असलेली एवढी मोठी इमारत विद्यापीठांनी उघडून तरी पाहायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी मतांचं स्वागत, टिंगलीचं नाही.

तिसरा_दशांश

टिंगल करत नाही, पण ज्या गणितावर तुम्ही भाळलात ते एकदा उलट करून पाहा. वस्तुमान t³/s³ च्या जागी t⁵/s⁷ धरा. मग बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, t⁵/s⁷ × s/t² = t³/s⁶. बल गुणिले अंतर ही ऊर्जा, t³/s⁵. आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? तेही t³/s⁵! बसलं की चोख. वस्तुमानाला वाटेल तो घातांक द्या, न्यूटनची समीकरणं जुळणारच, कारण ती आधीपासून जुळलेलीच आहेत. यात निसर्गाबद्दल नवी माहिती शून्य.

उलटा_भागाकार

घातांक मनाला येईल तो नाही हो. ऊर्जा ही वेगाची व्यस्त, हे गृहीतकातून येतं. तिथून t³/s³ निघतो.

तिसरा_दशांश

ऊर्जा वेगाची व्यस्त आहे हे कुठल्या गृहीतकात लिहिलंय? अवकाश आणि काळ व्यस्त आहेत एवढंच तिथे आहे. मधली उडी लार्सनची.

शून्याधारित

दोन गृहीतकं म्हणता, पण काळाचं एकक (सुमारे १.५२ × १०⁻¹⁶ सेकंद) त्यांनी रिडबर्ग वारंवारितेवरून (हायड्रोजनच्या वर्णपटातून मोजलेल्या आकड्यावरून) घेतलं ना? मग मोजमाप मागच्या दाराने आलंच की.

तिसरा_दशांश

या मुद्द्यावर मी लार्सनच्या बाजूने. सेकंद आणि मीटर आपण ठरवलेले. सैद्धांतिक एकक त्यांत लिहायचं तर एखादं मोजमाप कुणालाही घ्यावंच लागेल. हा आक्षेप सोडा, यापेक्षा बळकट आक्षेप रांगेत उभे आहेत.

कणाद_नव्हे

बळकट आक्षेप म्हणजे अणू. लार्सनना अणुकेंद्र मान्य नाही. रदरफोर्डने १९११ मध्ये ज्याला केंद्र म्हटलं तोच अख्खा अणू, आणि बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन वगैरे काही नाही, असं ते म्हणतात. आता १९५० च्या दशकातलं अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टाडर यांचं काम पाहा. इलेक्ट्रॉनचा मारा करून त्यांनी केंद्रातला विद्युतभार मध्यापासून कडेपर्यंत कसा पसरलाय ते मोजलं, १९६१ चं नोबेल त्यालाच. केंद्राच्या बाहेर इलेक्ट्रॉनचे थर आहेत हे क्ष-किरणांनी ते इलेक्ट्रॉन उडवून, त्यांची ऊर्जा मोजून दिसतं. रोज प्रयोगशाळेत होणारं काम आहे हे. लार्सनचा अणू म्हणजे फिरण्याचे तीन आकडे, हायड्रोजन २-१-(१), हेलियम २-१-०. यातून वर्णपटाच्या रेषा काढून दाखवा, मग बोलू.

उलटा_भागाकार

त्याच आकड्यांतून २, ८, १८, ३२ ही आवर्तसारणीची रचना निघते, स्फटिकांतली अणूंमधली अंतरंही काढलेली आहेत. ते का वगळता?

कणाद_नव्हे

अंतरं काढताना एकाच मूलद्रव्याचा आकडा संयुग बदललं की बदलतो, आणि उत्तर आधीच माहीत असतं. किल्ली कुलूप बघून घासली तर ती लागणारच.

जुना_वाचक

लोकहो, दुसरी बाजूही बघा. सूर्याला ऊर्जा संमीलनातून (हलकी अणुकेंद्रं जुळण्यातून) मिळते यावर लार्सनसारखी शंका घ्यायला १९६० च्या दशकात जागा होती. त्या संमीलनातून निघणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण हिशेबाच्या साधारण एक तृतीयांशच सापडत होते. प्रस्थापितांना प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख नसतो.

तिसरा_दशांश

जागा होती, आता नाही. न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात हे कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवलं आणि हिशेब जुळला. २०१४ मध्ये इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने प्रोटॉन-प्रोटॉन संमीलनाचे न्यूट्रिनो थेट पकडले. लार्सन ते संमीलनच नाकारतात.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. लार्सनच्या मते गुरुत्वाकर्षण तत्क्षणी जाणवतं, मध्ये काही प्रवास करत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वलहर आली आणि साधारण १.७ सेकंदांनी गॅमा किरण. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. तत्क्षणीच्या हिशेबाने पहिली खबर १३ कोटी वर्षं आधी यायला हवी होती. आली दोन सेकंदांच्या आत, मागेपुढे.

उलटा_भागाकार

लार्सन १९९० मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. ‘तत्क्षणी’ एवढं काढून टाका, व्यस्तपणाचं मूळ तत्त्व शाबूत राहतं. आइनस्टाइननेही १९१७ मध्ये समीकरणात एक पद घातलं आणि पुढे काढलं.

तिसरा_दशांश

आइनस्टाइनचं ते पद काढलं तरी बाकीचा सिद्धांत उभा राहतो. इथे तसं नाही. लार्सनकडे गुरुत्वाकर्षण म्हणजे प्रत्येक अणूची स्वतःची आतल्या दिशेची गती. दोन अणूंमध्ये देवाणघेवाण काहीच नाही, म्हणूनच वेळ लागत नाही. ‘तत्क्षणी’ काढलंत तर मध्ये काहीतरी प्रवास करतंय हे मान्य करावं लागेल. मग गुरुत्वाकर्षण अणूची गती उरत नाही, आणि तुमच्या t³/s³ चा आधारही जातो.

उलटा_भागाकार

बल तत्क्षणी आणि लायगोला (गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेला) दिसलं ते वेगळं, एक प्रकारचं प्रारण, असं का नसावं? प्रारणाला प्रकाशाचाच वेग असणार.

तिसरा_दशांश

असू शकेल. मग त्या प्रारणाचं गणित मांडा. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीत वारंवारिता ०.२ सेकंदांत ३५ वरून २५० हर्ट्झवर चढली. लायगोच्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला लहर आधी, हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी. दोन्हींत ३००० किमी अंतर, म्हणजे प्रकाशाला तेवढ्यासाठी लागणाऱ्या १० मिलिसेकंदांच्या आत. चढत जाणाऱ्या लहरीचा आकार सापेक्षतेच्या समीकरणांतून निघतो. s आणि t मधून निघतो का, एवढाच प्रश्न.

उलटा_भागाकार

असं गणित केलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण कुणी केलं नाही म्हणजे होणार नाही असं नव्हे.

शून्याधारित

मग ‘विद्यापीठांनी उघडून पाहावं’ ही मागणी उलटी करा. साठ वर्षं हातात होती, ते एक समीकरण अनुयायांनीच लिहून टाकायचं होतं.

जुना_वाचक

साठ वर्षं म्हणू नका, लायगोच्या पहिल्या लहरीला जेमतेम दशक झालंय.

शून्याधारित

बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते हे तर १९५९ च्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तिथून सुरुवात करा.