हायड्रोफॉइल होडी वर उचलली जाते हे कळलं, पण थांबते कुठे?

मेलारकाठी:
मी स्टॉकहोममध्ये राहतो. २०२४च्या ऑक्टोबरअखेर इथे एकेरो ते सिटी हॉल अशी कँडेला पी-१२ ही विजेवरची, ३० प्रवाशांची फेरीबोट सुरू झाली. तिच्यात पहिल्यांदा बसलो. धक्का सोडल्यावर थोडा वेळ ती साध्या होडीसारखीच चालली. मग वेग वाढला तशी अख्खी वर आली आणि तळावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाजच गेला. पाण्याखालचे पंख विमानासारखी उचल देतात, इथपर्यंत समजलं. पण वेग वाढला की उचलही वाढणार. मग होडी पंखांसकट पाण्याबाहेर का येत नाही? २५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरला, ती एकाच उंचीवर कशी राहते?

वाराभरली:
दादा, नेमकं हेच कठीण आहे. मी पर्थला स्वान नदीवर विंगफॉइल करते, म्हणजे हातात विंग (फुगवलेलं शीड) धरून खाली पंख असलेल्या बोर्डवर उभी राहते. पहिले दोन महिने पाण्यात पडायचे ते याच कारणाने.

आधी उचलीचा हिशेब. मी, बोर्ड आणि विंग मिळून ९० किलो. १० नॉटला, म्हणजे सेकंदाला ५ मीटरला, एवढं वजन पेलायला साधारण १४०० चौरस सेंटिमीटरचा पंख पुरतो, ए-४चे सव्वादोन कागद. पाणी हवेच्या ८०० पट दाट, म्हणून इतक्यात भागतं. पण उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की तोच पंख चौपट उचलतो. वजन तर तेवढंच, मग जास्तीची उचल काढून टाकावीच लागते.

बोर्डवर ते काम पायांचं. पुढच्या पायावर भार दिला की पंखाचा कोन घटतो, मागच्यावर दिला की वाढतो. उशीर झाला तर पंख पाण्याबाहेर डोकावतो, हवा आत ओढली जाते आणि उचल क्षणात नाहीशी होते. बोर्ड धाडकन खाली. माझा मास्ट, म्हणजे बोर्ड आणि पंख जोडणारा दांडा, ८५ सेंटिमीटरचा आहे, तेवढ्यातच सगळं सांभाळायचं.

दुपारी वारा भरला की शेजारून मॉथ होड्या जातात, पंखांवर चालणाऱ्या, शिडाच्या, ३.३५ मीटर लांबीच्या, एकाच माणसाच्या. नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, एक काडी पाण्यावर घासत जात असते. होडी खाली बसली की पाणी काडीला मागे रेटतं, ती हालचाल सळईतून पंखाच्या मागच्या झडपेपर्यंत पोचते, झडप खाली वळते आणि उचल वाढते. होडी फार वर गेली की उलट. बॅटरी नाही, सेन्सर नाही. इतकी देखणी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

१९५३ मध्ये माज्जोरे तलावावर स्वित्झर्लंड-इटली हायड्रोफॉइल फेरी सुरू झाली. तिच्या पंखांचा आकार पसरट ‘व्ही’सारखा, टोकं पाण्याबाहेर. बोट वर आली की पंखाचा बुडालेला भाग कमी, म्हणून उचल कमी. आकारच तोल सांभाळायचा. तुमच्या पी-१२ मध्ये पंख पूर्ण बुडालेले असतात आणि संगणक सेकंदाला सुमारे १०० वेळा त्यांची उचल बदलतो.

इंजिनरूम:
मर्चंट नेव्हीत असताना हाँगकाँगहून मकावला बोइंगच्या जेटफॉइल या हायड्रोफॉइल बोटीने गेलो होतो. गॅस टर्बाइन, मागे पाण्याचा झोत, ४० नॉटच्या वर वेग. बाहेर पाणी खवळलेलं आणि माझ्या हातातला चहा स्थिर. ताई म्हणतात ते बरोबर, पण वरचीही एक मर्यादा सांगतो. ५० नॉटच्या आसपास पंखाच्या पाठीवरचा दाब इतका घसरतो की थंड पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे धरतात. ते फुटताना धातू खातात. प्रोपेलरची अशी चाळण झालेली पाती ड्रायडॉकमध्ये हाताने चाचपली आहेत.

मेलारकाठी:
ताई, काका, आभार. आज पुन्हा गेलो. मागे वळून पाहिलं तर लाट जवळपास नाहीच.

वाराभरली:
तळ वर आहे ना, पाणी बाजूला सारायला फक्त दांडे आणि पंख. लाट उठत नाही म्हणूनच तुमच्या बोटीला तिथल्या १२ नॉटच्या वेगमर्यादेतून सूट मिळाली. आता उतरायच्या आधी खिडकीशी बसा. वेग कमी होताना तळ पाण्याला कुठे टेकतो ते बघा आणि इथे लिहा.