रात्रीचे हादरे, भूकंपाच्या यादीत नोंदच नाही. मदत हवी आहे

चिरेबंदी: नऊ दिवसांत तीन हादरे बसले. मांडणीवरची भांडी वाजली, माजघराच्या भिंतीला चीर गेली. साइटवर एकही नोंद नाही. फोन केला तर म्हणे "नोंद नाही म्हणजे भूकंप नाही". आई ऐंशीच्या पुढची, रात्रभर खळ्यात खुर्ची टाकून बसते. कुठे कळवायचं, यंत्र कोण बसवतं, एवढंच सांगा. लवकर.

सागरवेळा: गाव? वेळ? कुठली साइट?

कातळ: पाऊस संपला, चिरेखाणी सुरू झाल्या. सुरुंग असणार. आमच्या राजापुरात दर वर्षी हेच.

निवृत्त ओव्हरसियर: चिरेखाणीत सुरुंग नसतात हो, चिरा मशीनने कापतात. सुरुंग काळ्या दगडाच्या खाणीत, आणि तेही रात्री नाही. चीर उभी की तिरकी? १९९३ साली किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं मारली. दाराखिडक्यांच्या वरून घरभर सलग काँक्रीटचा पट्टा घालून घ्या.

चिरेबंदी: काका, पट्ट्याचं नंतर. संगमेश्वर तालुका, देवरुखच्या वर, घाटाच्या पायथ्याशी. अमेरिकेची साइट बघतोय, ती सगळ्या जगाचं दाखवते ना?

सागरवेळा: तिथेच चुकलं. यूएसजीएसवर, म्हणजे त्या अमेरिकेच्या साइटवर, आपल्याकडचे ४ च्या खालचे धक्के क्वचितच येतात. वेळही यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी बघा, त्यांचं 'भूकंप' ॲप आहे. देशभर दीडशेहून जास्त केंद्रं आहेत त्यांची.

अण्णा_गुहागर: एवढं कशाला? अँड्रॉइडमधला भूकंप अलर्ट चालू करा, फोनच सांगतो. मी सगळ्या नातेवाइकांना लावून दिलाय.

सागरवेळा: अण्णा, तो ४.५ च्या वरच वाजतो. यांना भांडी वाजण्याइतका धक्का शोधायचाय.

सह्यकडा: घाटापलीकडे वारणेचं धरण आहे, विसरलात? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. नव्वदच्या दशकापासून धक्के दक्षिणेला वारणेकडेही सरकले. पावसाळ्यात धरण भरलं की पुढचे काही महिने ते वाढतात. धरणाभोवतीची बरीच यंत्रं नाशिकच्या मेरीची (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची) आहेत, दिल्लीची नव्हेत. तिथे विचारा.

तलासरीकर: आधी एक सांगा. आवाज आणि हलणं यांत किती वेळ गेला? पहिली लाट वेगाने येते, जोराने हलवणारी मागून. दोघींत एका सेकंदाचं अंतर म्हणजे धक्क्याचं केंद्र साधारण ८ किलोमीटरवर.

चिरेबंदी: दोन्ही एकदमच. धडाम झालं आणि पाट हलला.

तलासरीकर: मग वारणा नाही, तुमच्या पायाखालचंच, उथळ. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे पालघर जिल्ह्यात धुंदलवाडीच्या आसपास अगदी असंच सुरू झालं. आम्हीही थंडीत बाहेर झोपलो. बारीक धक्का दूरच्या यंत्रापर्यंत विरून जातो आणि जागा ठरवायला निदान तीन ठिकाणी लाट स्पष्ट उमटावी लागते. दिल्ली आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी गावांजवळ तात्पुरती यंत्रं लावली, तेव्हा हजारो धक्के नोंदले गेले. नोंद नव्हती तेव्हाही जमीन हलतच होती.

सह्यकडा: एकदम वाटलं म्हणून ठरवू नका. झोपेतून उठलेल्या माणसाला सेकंद मोजता येत नाही.

तलासरीकर: मान्य. म्हणून एकाच्या सांगण्यावर जाऊ नका. तीन वाड्यांतून वेळा गोळा करा, मिनिटासकट, मोबाईलच्या घड्याळावरून. त्या कागदासोबत तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे अर्ज द्या, आणि दिल्लीच्या केंद्राच्या साइटवर धक्का जाणवल्याचा फॉर्म भरा. प्रत्येक घराने वेगळा.

कातळ: सुरुंगाची शक्यता तरीही तपासा. खाणवाल्यांकडे वेळा लिहिलेल्या असतात.

चिरेबंदी: दिल्लीच्या यादीत तिन्ही नाहीत. पण वरच्या वाडीत आणि नदीपलीकडे विचारून आलो, शनिवारी रात्री २.१० चा दोन्हीकडे जाणवलाय. पलीकडच्या आजींनी कॅलेंडरवर खूणच केली होती. ओव्हरसियर काका, चीर तिरकी आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून. सोमवारी अर्ज देतो. देवरुख, साखरपा, मारळ बाजूच्या कुणाला शनिवारचा जाणवला असेल तर वाडीचं नाव आणि वेळ इथेच लिहा, अर्जाला जोडतो.