देवापासून लांब जात होतात तेव्हा कशाने धरून ठेवलं? (अनुभव धागा, खान्देश)

धागा सुरू करणारी, जळगाव

सलाम मंडळी.

गेल्या पावसाळ्यात मी सलग सात रविवार देवळात, म्हणजे चर्चला, गेले नाही. कधी पाऊस, कधी पाहुणे, कधी नवऱ्याची पाठ धरलेली, एकदा तर नुसतीच झोप. देवाशी भांडण नव्हतं की मनात शंका नव्हती. आठव्या रविवारी गेले आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तोंड बंद पडलं. संडे स्कूलपासून पाठ असलेलं गाणं, पण शब्दच येईनात. शेजारच्या बाईंनी आपलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे गात राहिल्या.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच 'वाहवत जाऊ नये' असं आहे. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापी पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगत बसायला नको. ओढ वरून दिसत नाही. पाण्यात उभं राहिल्यावर पायाखालची वाळू सरकते तेव्हाच कळते.

तर तुमची एखादी सवय सांगा. कशी लागली, कधी मोडली, तेही सांगा. प्रॉटेस्टंट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, सगळे या. उपदेश मात्र नको, तो रविवारी मिळतोच (आता परत मिळायला लागलाय).

भुसावळ, निवृत्त लोको पायलट

रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर ड्युटी करणाऱ्यांना, रविवार नसतो. आधी ड्युटीचा निरोप घेऊन कॉलमन दारावर यायचा, पुढे मोबाईलवर कॉल यायला लागला, पण निघायचं ते निघायचंच. चौतीस वर्षांत किती नाताळ घरी झाले ते बायकोला विचारा, तिच्याकडे हिशेब आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लोक मला 'पाहुणे' म्हणायचे. गमतीत म्हणायचे, पण लागायचं.

माझी सवय बुटांची. रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या स्टेशनावरच्या आमच्या विश्रांतीच्या खोलीत, गेलं की माणूस आधी बूट काढतो, मग आडवा होतो, मग मेलाच म्हणून समजा. म्हणून ठरवलं की बूट काढायच्या आधी वाचायचं, खाटेच्या कडेवर बसून. ११९वं स्तोत्र धरलं. १७६ वचनं आहेत, पण आठ-आठ वचनांचे बावीस भाग पाडलेले आहेत, आलेफ, बेथ, गिमेल असे हिब्रू अक्षरांच्या नावांचे. एका मुक्कामाला एक भाग. बावीस मुक्कामांनी स्तोत्र संपायचं, की पुन्हा आलेफ. सगळं समजायचं असं नाही. काही वेळा आठ वचनं वाचून झाली तरी डोक्यात घाटातला सिग्नलच असायचा.

एकदा इगतपुरीला मुसळधार पाऊस, बारा तासांच्या वर ड्युटी झालेली. आलो, बूट फेकले आणि कलंडलो. माझा असिस्टंट वारकरी घरातला पोरगा, दर एकादशी धरणारा. शेजारच्या खाटेवरून म्हणतो, "अण्णा, आज बूट आधी निघाले."

उठलो, परत बूट चढवले. तोही हसला, मीही हसलो. पण त्या दिवशी वाचलेला भाग अजून आठवतो.

धुळे, नर्स

माझं दोन ओळींचं आहे. फोन उशाशी असायचा, सकाळी डोळे उघडले की आधी स्टेटस. प्रार्थना 'नंतर' व्हायची, म्हणजे व्हायची नाही. आता फोन रात्री ओट्यावर, मिक्सरच्या मागे चार्जिंगला. अलार्म बंद करायला उठून तिथपर्यंत जावं लागतं. गॅसवर चहा ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत वॉर्डातल्या पेशंटची बेड नंबरने नावं घ्यायची. चहा उतू जातो अधूनमधून.

नवापूर तालुका, जिल्हा परिषद शिक्षक

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळ्या जुन्या आहेत. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल तर सगळ्यांना माहीत आहे. पण मंडळी जुनी असली तरी दिवाळीनंतर अर्धी बाकं रिकामी. माणसं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. माझे आईबाप पण कोयत्यावर जायचे. मी आणि धाकटी बहीण सोबत, पडावावरच, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपींच्या तळावर. नाताळ तिथेच व्हायचा, उसाच्या पाचटाच्या खोपीत.

पडावावर देऊळ नाही, पाळक नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचं असायचं, त्यामुळे सकाळचं काही शक्यच नव्हतं. वडील रात्री चुलीसमोर बसायचे. भाकरी तव्यावर, आणि पहिली भाकरी खाली उतरेपर्यंत प्रार्थना. बायबल एकच, तेही एका म्हाताऱ्याकडे, दुसऱ्या टोकाच्या खोपीत. म्हणून वाचन कमी आणि आठवणीतलं जास्त. वडिलांना शाळा नव्हती. ते गोष्ट सांगायचे, कधी दोन गोष्टींची सरमिसळ व्हायची. दानीएलाऐवजी योसेफाला सिंहांच्या गुहेत मी कित्येक वर्षं बघितलंय.

मग मी शिकलो, नोकरी लागली, नवापुरात स्लॅबचं घर झालं. (ज्या स्टेशनाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत, तेच आमचं नवापूर.) आणि घर झाल्यावर प्रार्थना गेली. खोपीत होती, स्लॅबखाली गेली. टीव्हीसमोर जेवण सुरू झालं. आई आमच्याकडे राहायला आली, तिने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी ताटाला हातच लावला नाही. रागावली नाही, बसून राहिली. मला कळेना काय झालं. बायकोला कळलं. तिने टीव्ही बंद केला.

मी प्रार्थना सुरू केली, मराठीत. आई म्हणाली, आपल्या बोलीत, मावचीत कर. आता हे लिहायला जरा लाज वाटते, पण मराठीत प्रार्थना करायला लागलो की मी भाषण करतो. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या' पासून सुरुवात, मग मोठमोठे शब्द, शाळेतल्या परिपाठासारखा आवाज. मावचीत ते जमत नाही. मावचीत मी फक्त मागितलंय, रडलोय आणि आईचा मार खाल्लाय. तिथे देवासमोर शिक्षक होता येत नाही.

आता आई नाही. पहिली भाकरी उतरली की टीव्ही बंद, हे चालू आहे. मुलं मावचीत अडखळतात. चालतं.

पारोळा, शेतकरी आणि कृषी दुकान

थोडं उलटं लिहितो, राग मानू नका. सवयींचं फार कौतुक नको. माझ्या सगळ्या सवयी ठणठणीत होत्या. पहाटे पाचची प्रार्थना, दशमांश (कमाईचा दहावा भाग मंडळीला), ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी उपास, मंडळीच्या पंचकमिटीत नाव. आणि हे सगळं चालू असताना सख्ख्या मोठ्या भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण बांध. त्याने कपाशीची एक ओळ माझ्यात सरकवली असं माझं म्हणणं, मी सरकवली असं त्याचं. पाचच्या प्रार्थनेत मी देवाला बांधाची मापंसुद्धा सांगितली आहेत.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय, आधी स्वतःची परीक्षा करा, मग भाकर खा. ते दर महिन्याला वाचतात आणि दर महिन्याला मी इतरांची परीक्षा करून भाकर खायचो. एका रविवारी भाऊ माझ्या पुढच्या बाकावर होता. ताट त्याच्यापर्यंत आलं आणि त्याने न घेताच पुढे दिलं. पुढे म्हणजे मला. त्याचा हात आणि माझा हात एकाच ताटावर, आणि त्याने घेतलेलं नाही. मी घेतलं. घशाखाली उतरता उतरेना.

शनिवारची सवय तेव्हापासूनची. पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो आणि महिनाभराची उधारीची वही समोर ठेवतो. कोणाशी तोडून बोललो, कोणाला वजनात फसवलं, कोणाची चूक नसताना ओरडलो, ते वहीतल्या नावांवरून बरोबर आठवतं. नुसतं डोळे मिटून आठवायला गेलं की माणूस स्वतःला सूट देतो. मग ज्याच्याकडे जाणं जमतं त्याच्याकडे जातो, नाहीतर फोन करतो.

पहिल्या शनिवारी वहीत नाव नसलेल्या माणसाकडे गेलो. भाऊ ओट्यावर वांगी भाजत होता, भरताची. मी उभाच. तो वर न बघता म्हणाला, "दोन वरीस लागनात तुले हाऊ बांध ओलांडाले?" वहिनीने आतून आणखी दोन वांगी आणून दिली. बांधाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

भुसावळ, कॅथलिक गृहिणी

आमच्याकडे जपमाळ. लहानपणी मला ती शिक्षा वाटायची. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, पन्नास वेळा तीच प्रार्थना, आणि गुडघ्याखाली फरशी. आजी मध्येच डोळा उघडून कोण डुलक्या घेतंय ते बघायची.

आता मुलगी पुण्यात, मुलगा नाशकात. रात्री साडेनऊला फोन जोडतो, तिघं, स्पीकरवर. जपमाळ म्हणताना येशूच्या आयुष्यातले प्रसंग मनात आणतात, त्यांना रहस्यं म्हणतात. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं घेतो, ती २००२ मध्ये तेव्हाच्या पोपसाहेबांनी वाढवली. माझ्या आजीला ती माहीतच नव्हती, आणि मुलगी म्हणते मला तेवढीच आवडतात. मे महिन्यात लाईट जाते, पंखा बंद, घाम पुसत म्हणायची. मुलाच्या बाजूने कधी कुकरची शिट्टी, कधी ट्रॅफिक. बोलायला काही नसतं तेव्हाही जपमाळ असते. मन लागत नाही त्या दिवशी बोटं म्हणतात. पारोळ्याच्या दादांचं पटतं मला, पण बोटांची पण बाजू घ्यावी म्हटलं.

नंदुरबार, कॉलेजात (पुण्याला)

मी होस्टेलवर आलो आणि पहिल्या वर्षी संपलोच होतो. घरून काका फोन करायचे, "बायबल वाचतो का? चर्चला जातो का?" मी हो म्हणायचो. खोटं बोलायची सवय मला चर्चच्या प्रश्नांनीच लागली.

एक मित्र आहे, शहाद्याचा. तो शुक्रवारी रात्री दोन प्रश्न पाठवतो. या आठवड्यात कशाला घाबरलास, आणि काय लपवलंस. उत्तर नाही दिलं तर काही म्हणत नाही, पुढच्या शुक्रवारी परत तेच. मी पाच आठवडे काही लिहिलं नाही. सहाव्याला लिहिलं. काय ते इथे नाही सांगणार. त्याने उत्तर दिलं, "माझं पण तेच आहे." त्या रविवारी आम्ही दोघं चर्चला गेलो, मागच्या बाकावर, उशिरा.

चोपडा, वय ७२

नातीकडून टाइप करून घेतेय, चुका तिच्या.

बायबलचे ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतं, वर थोडी सवड उरते. हे मला लग्नात सासूबाईंनी सांगितलं, साडीच्या आधी. दरवर्षी लेवीयात, त्या नियमांच्या पुस्तकात, अडकते. सासूबाई म्हणायच्या, लेवीय म्हणजे निवडायची डाळ, करत राहायची.

अध्याय संपला की समासात पेन्सिलीने तारीख घालते. एका अध्यायाशेजारी आता पुष्कळ तारखा झाल्यात. हे गेले त्या वर्षी यिर्मयाच्या मध्यावर तारखा थांबल्या आहेत. पुढचे पाच महिने कोरे. नंतर पुन्हा सुरू केलं ते स्तोत्रांपासून, क्रम सोडून. नात म्हणते, आजी, राहिलेलं वाचून त्या वर्षाच्या तारखा भरून टाक ना. नाही भरत. तेव्हा वाचलं नव्हतं, तर नव्हतं.

धागा सुरू करणारी, जळगाव

सगळं दोनदा वाचलं. फोन ओट्यावर ठेवायला काल रात्रीपासून सुरुवात केलीय, चहा आजच उतू गेला.

पुस्तक सरकवणाऱ्या बाईंना काल विचारलं, तुम्हाला कसं कळलं मला शब्द आठवत नव्हते? म्हणाल्या, "मी पण मागे असेच रविवार चुकवले होते गं. तेव्हा तुझ्या आईने दाखवलं होतं बोटाने."

पारोळ्याच्या दादा, एक राहिलं. बांधाचं पुढे काय झालं?

पारोळा

बांध आहे तिथेच आहे ताई. दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केलाय. मोजणीदार यायचा त्या दिवशी भाऊ मला मोटरसायकलवर घेऊन जाणार आहे, माझी पंक्चर आहे.